कृत्रिम बुद्धिमत्ता आणि सीमाभागातील आपले रोजचे व्यवहार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयात दर रविवारी संध्याकाळी आम्ही काही जण बसतो. मोबाइल, उतारे, दवाखान्याचे रिपोर्ट आणि बँकेची पत्रे घेऊन लोक येतात. गेल्या दोन वर्षांत या मंडळींचे प्रश्न बदलले आहेत. पूर्वी "हे पत्र वाचून दाखवा" असे म्हणणारे आता "मोबाइलने असे सांगितले आहे, ते खरे आहे का?" असे विचारतात. त्यांतले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न आणि आम्ही देत असलेली उत्तरे येथे लिहून ठेवली आहेत.

कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणजे नेमके काय?

हा शब्दप्रयोग १९५६ साली अमेरिकेतील डार्टमथ येथे भरलेल्या परिषदेपासून रूढ झाला, पण आपल्या घरात ती आली चॅटजीपीटीच्या रूपाने, म्हणजे नोव्हेंबर २०२२ नंतर. अशी यंत्रणा प्रचंड प्रमाणात मजकूर वाचून कोणत्या शब्दामागून कोणता शब्द येण्याची शक्यता अधिक आहे हे शिकते आणि त्या आधारावर उत्तर रचते. त्यामुळे तिची भाषा ठाम आणि सफाईदार असते, मग मजकूर बरोबर असो वा चुकीचा. ही एक गोष्ट ध्यानात राहिली तरी पुढची बरीचशी उत्तरे आपोआप समजतील.

तिला आपली मराठी समजते का?

पुस्तकी मराठी बऱ्यापैकी समजते. आपली बेळगावी मराठी मात्र तिला अनेकदा चकवते, आणि याचे कारण उघड आहे : तिने जी मराठी वाचली ती बहुतेक वर्तमानपत्रांची आणि पुस्तकांची आहे. आपण घरात जे बोलतो ते फारसे कोठे छापलेलेच नाही.

एक प्रसंग सांगतो. एक आजी डॉक्टरांना सांगण्यासाठी आपली तक्रार मोबाइलमध्ये बोलल्या : "गोळ्या घेतल्या, खरं जळजळ थांबली नाही." आपल्याकडे "खरं" हा शब्द "पण" या अर्थाने येतो हे येथल्या लहान पोरालाही ठाऊक आहे. यंत्राने त्याचे भाषांतर केले ते असे की, गोळ्या खरोखरच घेतल्या आणि जळजळ थांबली नाही. या वाक्यात नुकसान काही झाले नाही, हे आपले नशीब. पण "काय करूलालास" (काय करतो आहेस) यासारखी क्रियापदे ऐकून यंत्र काहीतरी तिसरेच लिहिते, आणि ते लिहिलेले वाचल्याशिवाय पुढे पाठवले की घोटाळा होतो.

कन्नड आणि मराठी यांच्यात सारखे दिसणारे शब्दही आहेत. कन्नडमध्ये "तंगी" म्हणजे धाकटी बहीण, मराठीत तंगी म्हणजे पैशांची चणचण. कन्नडमध्ये "सुस्तु" म्हणजे थकवा, मराठीत सुस्त म्हणजे आळसावलेला. दोन्ही भाषा मिसळून बोलणे हा आपल्या भागाचा स्वभावच आहे, आणि यंत्राला एका वाक्यात दोन भाषा आल्या की कोणता शब्द कोणत्या भाषेतला हे ओळखणे जड जाते. म्हणून आम्ही सुचवतो की, मोबाइलशी बोलताना लहान वाक्ये करावीत, एका वाक्यात एकच भाषा ठेवावी, आणि पडद्यावर काय उमटले ते एकदा वाचावे. वाचता येत नसेल तर घरातल्या शाळकरी मुलाकडून वाचून घ्यावे.

जमिनीचा उतारा कन्नडमध्ये आहे. मोबाइलने फोटो काढून तो मराठीत वाचता येईल का?

सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न हाच आहे, म्हणून उत्तर थोडे लांब देतो.

कर्नाटकात जमिनीच्या नोंदी "भूमी" प्रकल्पाखाली संगणकावर आल्या, आणि उतारा कोणालाही काढता येऊ लागला. ही मोठी सोय झाली. पण तो उतारा कन्नडमध्ये आहे, आणि मराठी शाळेत शिकलेल्या साठीच्या पुढच्या शेतकऱ्याला स्वतःच्या जमिनीचा कागद आजही दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो. वाचून देणाऱ्याने काय वाचले आणि काय गाळले हे त्याला कळत नाही. माझ्या वडिलांनी आयुष्यभर हेच केले. एका कचेरीबाहेर बसणाऱ्या लेखनिकाने त्यांना उतारा "सगळं ठीक आहे" एवढ्या शब्दांत वाचून दाखवला होता. कर्जाचा बोजा त्यावर तसाच होता, आणि ते आम्हाला चार वर्षांनी कळले. मोबाइलचा कॅमेरा कागदासमोर धरला की गुगल ट्रान्सलेट किंवा तत्सम ॲप त्या क्षणी मराठी अक्षरे दाखवते, याचे महत्त्व मला म्हणूनच फार वाटते. केंद्र सरकारची भाषिणी ही यंत्रणाही २०२२ पासून भारतीय भाषांमधील भाषांतरासाठी आहे, आणि तिच्यात कन्नड व मराठी दोन्ही आहेत.

त्यातून कागद कशाबद्दल आहे हे कळते. नेमके किती, कोणाचे आणि कधीपासून हे कळण्यासाठी मात्र त्यावर अवलंबून राहू नये. आमच्यासमोर घडलेल्या चुका तीन प्रकारच्या आहेत.

पहिली क्षेत्राची. उताऱ्यावर एकर, गुंठे आणि आणे हे टिंबांनी वेगळे केलेले असतात. २.१५ असे दिसले तर त्याचा अर्थ २ एकर १५ गुंठे. यंत्राने ते दशांशात धरले आणि "सव्वादोन एकरांहून कमी" असे समजावून सांगितले. दशांशाने पाहिले तर २.१५ एकर म्हणजे २ एकर ६ गुंठे होतात, कारण एकरात ४० गुंठे असतात. म्हणजे एका टिंबाच्या गैरसमजात ९ गुंठे जमीन गेली. भावाभावांच्या वाटणीत ९ गुंठ्यांवरून काय होते ते येथे लिहायला नको.

दुसरी नावाची. "कुंभार" हे आडनाव आहे हे न ओळखता यंत्राने त्याचे भाषांतर "मडकी घडवणारा" असे केले. सुतार, लोहार, गुरव या आडनावांचेही तेच होते. नाव भाषांतरित न करता जसेच्या तसे लिहून दे, अशी सूचना चॅटजीपीटी किंवा गुगलच्या जेमिनीला आधीच दिली तर ही चूक बरीच कमी होते.

तिसरी जुन्या हस्तलिखित नकलांमधल्या आकड्यांची. कन्नड लिपीतला एक हा आकडा शून्याशी मिळताजुळता आहे, आणि सहा व नऊ एकमेकांसारखे दिसतात. शाई फिकट झालेली असेल तर माणसाचीही फसगत होते, यंत्राचे तर विचारूच नका.

तेव्हा रीत अशी ठेवावी. घरी मोबाइलने वाचून कागद समजून घ्यावा आणि शंका मराठीत लिहून काढाव्यात. रकाना ९ मध्ये मालकाचे नाव आणि क्षेत्र असते, रकाना ११ मध्ये इतर हक्क आणि कर्जाचा बोजा असतो. हे दोन रकाने बोट ठेवून पाहावेत आणि मगच नाडकचेरीत (महसूल खात्याच्या जवळच्या कार्यालयात) किंवा तलाठ्याकडे जावे. "सगळं ठीक आहे का?" असे विचारणारा आणि "रकाना अकरामधला हा बोजा कोणत्या सोसायटीचा?" असे विचारणारा, या दोघांना मिळणाऱ्या उत्तरात फार फरक असतो.

कन्नडमध्ये अर्ज लिहून मिळेल का?

मिळेल, आणि साधे अर्ज चांगले मिळतात. मराठीत मुद्दे सांगावेत, कन्नड मसुदा घ्यावा, आणि तोच मसुदा दुसऱ्या ॲपमध्ये टाकून पुन्हा मराठीत करून पाहावा. अर्थ जुळला तर अर्ज शेजारच्या कन्नड जाणणाऱ्या माणसाला एकदा दाखवून द्यावा. वाटणीपत्र, खरेदीपत्र, कोर्टाची कैफियत यांच्यासाठी वकीलच हवा.

यासाठी पैसे लागतात का?

वर सांगितलेली कामे फुकट होतात. वर्गणी भरा म्हणून कोणी मागे लागले तर आधी महिनाभर फुकटचे वापरून पाहावे.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत आमची लहान फाउंड्री (धातूच्या ओतकामाचा कारखाना) आहे. मोठ्या कारखान्यांसारखे कॅमेरे आणि सेन्सर आम्हाला परवडणार नाहीत. मग आमच्यासाठी यात काही आहे का?

आहे, आणि त्याची सुरुवात वहीपासून होते.

बेळगावच्या ओतकामाला मोठी परंपरा आहे. कास्टिंग, म्हणजे ओतलेला भाग, हाताने ठोकून आवाजावरून तडा ओळखणारे कारागीर आपल्याकडे आहेत. पण कोणत्या दिवशी, कोणत्या हीटला (धातू वितळवण्याच्या फेरीला), किती माल नापास झाला आणि का, याची नोंद बहुतेक लहान फाउंड्रीत सुट्या कागदांवर असते आणि महिन्याअखेरीस फेकली जाते. कृत्रिम बुद्धिमत्ता ज्यावर शिकते ती हीच नोंद. ब्लो होल (ओतलेल्या भागात वायूमुळे पडलेले भोक) आले म्हणून वाळूत ओलावा जास्त होता, असे फोरमन सांगतो. तो बहुतेक वेळा बरोबरही असतो. पण ओल्या वाळूचा साचा साधारण ३ ते ४ टक्के ओलाव्यावर चालत असताना जुलैमधल्या बेळगावच्या पावसात तो आकडा कधी सरकला हे वहीत लिहिलेले नसेल तर यंत्र काय शोधणार?

म्हणून आम्ही कारखानदारांना सांगतो की, तीन महिने रोज पाच गोष्टी लिहाव्यात : हीटचा नंबर, ओतण्याचे तापमान, वाळूतला ओलावा, नापास नगांची संख्या आणि दोषाचा प्रकार. दोषाची नावे एकसारखी ठेवावीत, एका पाळीने "भोक" आणि दुसरीने "ब्लो होल" असे लिहू नये. ही नोंद एक्सेलमध्ये भरून चॅटजीपीटीसारख्या साधनाला दिली की, कोणत्या पाळीत, कोणत्या मालात आणि कोणत्या ओलाव्याला दोष वाढतात हे ते तक्त्यात मांडते. ग्राहकाचे ड्रॉइंग आणि नाव मात्र त्यात घालू नये, विशेषतः विमानांचे सुटे भाग किंवा संरक्षण खात्याचे काम असेल तर. कॅमेऱ्याने पृष्ठभाग तपासण्याची यंत्रे त्यानंतरची पायरी आहे. एकाच नमुन्याचे हजारो नग काढणाऱ्याला ती उपयोगी पडतात, रोज वेगळा नमुना ओतणाऱ्याला तितकी नाहीत.

आणि तो आवाजावरून तडा ओळखणारा कारागीर निवृत्त होण्याआधी त्याचे बोलणे मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ठेवावे. त्याच्या मराठीत.

ऊस शेतीत याचा काय उपयोग?

बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठ यांच्या सहकार्याने उसावर प्रयोग सुरू केला. त्यात जमिनीतील सेन्सर, हवामान केंद्र आणि उपग्रहाची छायाचित्रे यांच्यावरून पाणी आणि खत किती व केव्हा द्यावे याचा सल्ला मोबाइलवर मिळतो. निपाणी, चिकोडी भागातल्या बऱ्याच शेतकऱ्यांनी ही बातमी वाचली आहे आणि आपल्याकडे केव्हा येणार असे ते विचारतात. एका शेतकऱ्याने एकट्याने खर्च करण्यापेक्षा एका शिवारातल्या आठ-दहा जणांनी मिळून हवामान केंद्राचा विचार करावा. वेदगंगा-दूधगंगेच्या काठची काळी जमीन आणि खानापूरकडची तांबडी माती यांचे पाणी धरण्याचे गुण वेगळे आहेत, त्यामुळे दुसरीकडचा सल्ला येथे जसाच्या तसा लागू होईल असे धरून चालू नये. पानाचा फोटो पाहून रोग सांगणारी ॲप तांबेऱ्यासारखी पानावर दिसणारी लक्षणे ठीक ओळखतात. मुळाशी हुमणी (मुळे खाणारी अळी) लागली असेल तर पान फक्त पिवळे दिसते आणि ॲप खत टाकायला सांगते. अशा वेळी एक बेट उपटून मुळे पाहावीत. बेळगावात एस. निजलिंगप्पा साखर संस्था आहे, तेथे विचारता येते.

बचत गटासाठी काही?

पापड, कुंदा, लोणची विकणाऱ्या गटांनी जाहिरातीचा मजकूर मराठी आणि कन्नड दोन्हीत करून घ्यावा, गोव्याच्या गिऱ्हाइकासाठी कोकणीतही. हिशेब मात्र वहीतच ठेवावा आणि बैठकीत वाचून दाखवावा.

रक्ताचा रिपोर्ट मोबाइलला दाखवून अर्थ विचारला तर चालेल का?

अर्थ समजून घ्यायला चालेल, औषध ठरवायला चालणार नाही. एचबीए१सी म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेच्या सरासरीचा अंदाज, हे यंत्र चांगले समजावते, आणि घाईत असलेल्या डॉक्टरांपेक्षा अधिक सावकाश समजावते. पण त्याला तुमचे वय, मूत्रपिंडाची स्थिती, चालू असलेल्या गोळ्या ठाऊक नसतात, आणि तुम्ही सांगितले नाही तर बऱ्याचदा ते विचारतही नाही. गोळी कमी करू का, बंद करू का, असे प्रश्न मोबाइलला विचारू नयेत. आमच्याकडे आलेल्या एका काकांनी साखर "ठीक" आहे असे वाचून गोळी स्वतःच थांबवली होती. गोळी चालू असल्यामुळेच साखर ठीक होती.

त्याचा सर्वात चांगला उपयोग दवाखान्यात जाण्याआधीचा आहे. बेळगावच्या मोठ्या रुग्णालयांत शिकाऊ डॉक्टर देशभरातून येतात, त्यांना मराठी येतेच असे नाही. दुखणे केव्हा सुरू झाले, कोठे दुखते, कोणत्या गोळ्या चालू आहेत, कशाची ॲलर्जी आहे, हे घरी सावकाश मराठीत सांगून त्याचे कन्नड आणि इंग्रजी करून घ्यावे आणि कागदावर लिहून न्यावे. "अंगात कणकण आहे" किंवा "घशाशी येते" असे शब्द असतील तर ते मूळ मराठीतही खाली ठेवावेत, म्हणजे मराठी जाणणारी परिचारिका वाचून डॉक्टरांना समजावू शकते.

दवाखान्यांत ही यंत्रे खरोखर वापरली जातात का?

हो. छातीच्या एक्स-रेवरून क्षयरोगाचा संशय ओळखण्यासाठी संगणकीय वाचनाचा वापर करावा, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली १५ वर्षे आणि त्यावरील व्यक्तींसाठी केली. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने सुरू केलेल्या शंभर दिवसांच्या क्षयरोग मोहिमेत हातात नेता येणारी एक्स-रे यंत्रे आणि असे वाचन वापरले गेले. निपाणी भागात विड्या वळणाऱ्या बायका वर्षानुवर्षे तंबाखूच्या धुळीत बसतात आणि खोकला अंगावर काढतात. त्यांच्या दारापर्यंत असे यंत्र आले तर त्याचे मोल फार आहे. यंत्राने संशय दाखवला म्हणजे क्षय झाला असे नव्हे, थुंकीची तपासणी करावीच लागते. यंत्राने काही दाखवले नाही आणि खोकला दोन आठवडे टिकला, तरीही तपासणी करावीच लागते.

मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्यावर होणारा परिणाम छायाचित्रावरून ओळखण्याचे तंत्रही भारतात तपासले गेले आहे. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाचा त्या कामात मोठा वाटा आहे. आपल्या भागात तालुक्याच्या गावी नेत्रतज्ज्ञ रोज भेटत नाहीत, म्हणून हे तंत्र येथे अधिक गरजेचे आहे.

साप चावला तर फोटो काढून कोणता साप ते विचारावे का?

नाही. १०८ ला फोन करावा आणि थेट रुग्णालयात जावे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर एकच प्रतिविष दिले जाते, त्यामुळे सापाचे नाव शोधण्यात गेलेला वेळ वाया जातो. आपल्या राज्यात २०२४ पासून सर्पदंशाची नोंद सरकारला कळवणे बंधनकारक आहे.

आधार कार्ड, पासबुक यांचे फोटो या ॲपना द्यावेत का?

देऊ नयेत. उताऱ्याचा किंवा रिपोर्टचा फोटो देतानाही नाव आणि नंबरवर कागदाची पट्टी ठेवून फोटो काढावा. आधार द्यायचेच असेल तेथे शेवटचे चारच आकडे दिसणारे मास्क्ड आधार वापरावे. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली संसदेने केला आहे, पण बाहेर गेलेला फोटो कायदा परत आणून देत नाही.

मुलाच्या आवाजात फोन आला आणि पैसे मागितले. असे होऊ शकते का?

होऊ शकते. समाजमाध्यमांवर टाकलेल्या लहानशा चित्रफितीवरून आवाजाची नक्कल करता येते. आपल्या गावांतली पोरे पुण्याला, बेंगळुरूला, गोव्याला नोकरीला आहेत, आणि घरी वयस्क आईवडील दोघेच, अशी घरे फार आहेत. तेच फसवणाऱ्यांचे लक्ष्य होतात. फोन ठेवून मुलाच्या नेहमीच्या नंबरवर आपण स्वतः फोन करावा. घरात एखादा प्रश्न ठरवून ठेवावा, ज्याचे उत्तर घरच्यांनाच ठाऊक आहे, उदाहरणार्थ पहिल्या म्हशीचे नाव. नक्कल करणाऱ्याला आवाज आणता येतो, म्हैस ठाऊक नसते. पैसे गेलेच तर लगेच १९३० या क्रमांकावर कळवावे. जितक्या लवकर कळवले तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता अधिक.

सीमाप्रश्नावरचे व्हिडिओ खरे की खोटे हे कसे ओळखावे?

हा प्रश्न दरवर्षी १ नोव्हेंबरच्या सुमारास येतो. एकीकडे कर्नाटकाचा राज्योत्सव आणि दुसरीकडे सीमाभागातल्या मराठी लोकांचा काळा दिन, अशा दिवसांत एखादी जुनी किंवा बनवलेली चित्रफीत फिरली की त्याची झळ आधी बसते ती बसने शाळेला जाणाऱ्या मुलांना आणि बाजाराला भाजी नेणाऱ्या बायकांना. दोन राज्यांमधली बससेवा बंद पडते आणि खोलीचे भाडे, दवाखान्याची तारीख, परीक्षा सगळेच अडते. यंत्राने बनवलेले चेहरे आता इतके हुबेहूब असतात की ओठ, बोटे पाहून ओळखण्याच्या युक्त्या पुरत नाहीत. म्हणून विचारायचे ते असे : हे प्रथम कोणी टाकले, कोणत्या तारखेचे आहे, दोन वेगळ्या वर्तमानपत्रांत, एक मराठी आणि एक कन्नड, याची बातमी आहे का? कन्नड बातमी आता मोबाइलवर मराठीत वाचता येते. उत्तर मिळेपर्यंत पुढे पाठवू नये. आपल्या हक्कासाठी भांडणाऱ्याने तर मुळीच पाठवू नये, कारण एक खोटी चित्रफीत उघडी पडली की दहा खऱ्या तक्रारींवरचा विश्वास जातो.

मराठी माध्यमात शिकणाऱ्या मुलीचे कन्नड कच्चे आहे. मोबाइलची मदत घ्यावी का?

जरूर घ्यावी. रोज दहा वाक्ये मराठीतून सांगून कन्नडमध्ये कशी म्हणायची हे विचारावे आणि मोठ्याने म्हणून पाहावे. यंत्र शिकवते ते बेंगळुरूकडचे कन्नड असते, शेजारच्या मैत्रिणीचे धारवाडी वळणाचे. दोन्ही ऐकले तर कान तयार होतो. निबंध मात्र तिचा तिने लिहावा.

घरात आजोबांचे मोडी कागद आहेत. ते यंत्राला वाचता येतील का?

बेळगाव जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत मराठी दप्तर मोडीत लिहिले जाई, त्यामुळे आपल्या कित्येक घरांत पत्र्याच्या पेटीत असे कागद आहेत. आयआयटी रुडकी येथील संशोधकांनी २०२५ साली मोडीचे देवनागरीत लिप्यंतर करणारी प्रणाली मांडली आहे, तेव्हा काम सुरू झाले आहे. तरी मोडी सलग, हात न उचलता लिहिलेली असते, प्रत्येक कारकुनाचे वळण निराळे असते, आणि जमिनीच्या हक्काचा कागद असेल तर आज तरी मोडी जाणकाराकडूनच वाचून घ्यावा.

तोवर एवढे करावे. सगळ्या पानांचे, मागील कोऱ्या बाजूंसह, फोटो काढून ठेवावेत. कागद खिडकीजवळ सावलीत सपाट ठेवावा, मोबाइल वरून सरळ धरावा, फ्लॅश लावू नये. घडी जबरदस्तीने उलगडू नये, कारण कागद तेथेच फाटतो आणि घडीत गेलेली ओळ मग कोणालाच वाचता येत नाही. कागद कोणत्या पेटीत, कोणाजवळ होता हे मागे पेन्सिलीने न लिहिता वेगळ्या वहीत लिहावे. वाचनालयात रविवारी आणलेत तर फोटो आम्ही काढून देऊ.